साक्षीदाराची बायको

पोर्थगोलान, कॉर्नवॉल
रविवार, ३ जानेवारी १९७१

प्रिय थर्झा मावशी,

कॉलेज सोडल्याबद्दल मला झाडणारं तुझं चार पानी पत्र मिळालं. दोन पानं मी वाचली. उरलेली दोन आईनं वाचून दाखवली, तीही खिडकी उघडी ठेवून. आता मासळी उतरवणारी माणसंसुद्धा मला "काय मास्तर, अर्धवट?" म्हणून हाक मारतात.

मारू देत. मी आलो तो मोर्वेनासाठी. तिच्यापासून सत्तर मैलांवर बसून रोमन रस्त्यांचे नकाशे काढणं मला जमत नव्हतं. पण आज लिहितोय ते प्रेमाबद्दल नाही. मला भीती वाटतेय.

काल दुपारी पबमध्ये वाद झाला. राजवाड्याचा खर्च वाढलाय आणि सरकारकडून जास्त पैसे हवेत, असं पेपरात आलंय ना, त्यावरून. मी म्हटलं, "मग राजपुत्राच्या कॉर्नवॉलमधल्या जहागिरीचं उत्पन्न कशाला आहे? शेतं त्यांची, ओहोटीची वाळू त्यांची, खाडीत बोट बांधली तर भाडं त्यांना. वर आमच्या कराचेही पैसे हवेत?"

लाइफबोटीचा कप्तान नेड कर्नो म्हणाला, "तू अजून एक पैसा कर भरलेला नाहीस, पोरा. आधी भर, मग ओरड." सगळे हसले. मग तोच ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाला, "ट्रेगिअर बाईंचं घर मात्र तिकडंच गेलं. मागं कुणी नव्हतं, कागद नव्हता. माणूस आला, कुलूप लावलं. मांजरं बाहेर."

मी ग्लास तसाच ठेवून निघालो. मावशी, सॅम्प्सनकाकालाही कुणी नाही. पेन्झान्सच्या अनाथालयाच्या पायरीवर सापडलेलं पोर ते. मोर्वेनाची आई हेस्टर बावीस वर्षं त्याच्याबरोबर राहिली, पण तिचा पळालेला नवरा कॅनडात जिवंत, त्यामुळे लग्न कधी झालंच नाही. हेस्टर गेली. मोर्वेना दोन वर्षांची असल्यापासून त्या घरात आहे, वरच्या माळ्यावर जाळी विणून पोट भरते. सगळं गाव तिला सॅम्प्सनची मुलगी म्हणतं. पण काका चौऱ्याहत्तरचा आहे आणि जिना चढताना दोनदा थांबतो.

गाव म्हणतं तेवढं पुरतं का? तू तीस वर्षं वकिलाकडं टाइप करतेस. खरं सांग.

तुझा,
किट्टो

*

प्लिमथ
शुक्रवार, ८ जानेवारी

किट्टो,

नाही पुरत.

बावीस वर्षं एका छपराखाली राहिलं की आपोआप बायको होते, असं अर्ध्या इंग्लंडला वाटतं. आमच्याकडं महिन्याला एक तरी बाई असं समजून येते आणि रडत जाते. असा कायदा नाही. मोर्वेना कायद्याच्या लेखी त्या घरात राहणारी एक परकी मुलगी आहे.

बेवारस माणसाची मालमत्ता टामर नदीच्या अलीकडे, म्हणजे आमच्याकडं, सरकारी तिजोरीत जाते. पलीकडे, तुमच्याकडं, ती राजपुत्राच्या जहागिरीत जाते. सहाशे वर्षांची रीत आहे, कुणी सॅम्प्सनवर डोळा ठेवून केलेली नाही. तेव्हा पबमध्ये मुठी आपटू नकोस. त्यानं घर वाचत नाही. घर कागदानं वाचतं.

तालुक्याच्या वकिलाकडं जायला नको म्हणशील, कारण तोच जहागिरीचे भाडेकरार करतो. तो भला माणूस आहे, पण तू ऐकणार नाहीस. म्हणून: कागदाच्या दुकानात मृत्युपत्राचा छापील फॉर्म मिळतो. काकानं स्वतः सही करायची, दोन साक्षीदारांच्या देखत, आणि त्या दोघांनी काकाच्या देखत. मोर्वेनानं साक्षीदार व्हायचं नाही. तेवढं सांभाळ आणि मला नक्कल पाठव.

आणि तिच्याशी बोललास का? की सत्तर मैल धावत येऊन नुसता जाळ्यांकडं बघत बसतोस?

तुझी,
थर्झा मावशी

*

पोर्थगोलान
शनिवार, १६ जानेवारी

प्रिय मावशी,

झालं! नक्कल सोबत आहे. अक्षराला हसू नकोस.

काकाला वळवायला पाच दिवस लागले. ससा शब्द अपशकुनी, बोटीवर तो म्हणायचा नसतो, लांबकान्या म्हणायचं, एवढं तुला माहीत आहे. तर काकानं मृत्युपत्रही त्याच पंगतीत बसवलं. तो शब्द काढला की लोखंडाला हात लावायचा. "बोट पाण्यात असताना तो लांबकान्या माझ्या घरात आणायचा नाही," म्हणाला. मग काल बोट डांबर लावायला वर ओढली, तेव्हा कुठं तयार झाला.

फॉर्मवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा मोर्वेना खाली पाय आपटत आली. "सॅम, मला तुझं घर नको."

काका म्हणाला, "तुला देत नाहीये. राजपुत्राला देत नाहीये. मधे तू उभी आहेस, त्याला मी काय करू?"

"त्याला कशाला हवंय हे घर? जिन्यात डोकं आपटेल त्याचं."

"म्हणूनच. पोराच्या डोक्याचा विचार करतोय मी."

मग तिला बाहेर पाठवलं. काकानं सही केली, एकेक अक्षर दोरीची गाठ मारावी तसं. साक्षीदार नेड कर्नो आणि मी. कागद घड्याळामागं ठेवलाय. काकानं घड्याळाला हात लावून पाहिला, लोखंडाचं आहे का म्हणून. लाकडाचं आहे. तो जरा नाराज झाला.

मावशी, आता बोलणार आहे तिच्याशी. चौदा फेब्रुवारीला. ती माझ्यासाठी निळा स्वेटर विणतेय, मला कळू नये म्हणून मी गेलो की जाळ्याखाली लपवते. छातीवरच्या नक्षीचं वळण मात्र आमच्या घरचंच आहे, प्रत्येक घरचं वेगळं असतं ना, मी लगेच ओळखलं. ज्याच्यासाठी त्याच्या घरचं वळण विणतात त्याला नाही म्हणत नाहीत, हो ना?

तुझा सुखी,
किट्टो

*

(कार्ड)
प्लिमथ, सोमवार, १८ जानेवारी

किट्टो, परवापासून टपालवाल्यांचा संप, म्हणून घाईत. नक्कल पाहिली, बरोबर आहे. साक्षीदार तू झालास? तुझं नि तिचं गुपचूप लग्न झालेलं नाही ना? साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. पोटाच्या किरकोळ ऑपरेशनसाठी गुरुवारी दवाखान्यात जातेय. सविस्तर संप मिटल्यावर. — थ.

*

पोर्थगोलान
मंगळवार, २ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र कुठं टाकू? पेटीच्या तोंडावर पट्टी मारलीय. तरी लिहितोय, नाहीतर मी कुणाचं तरी डोकं फोडेन.

तुझं कार्ड मी इतक्या वेळा वाचलं की कडा मऊ पडल्यात. "साक्षीदाराच्या बायकोला काही मिळत नाही." म्हणजे मी तिच्याशी लग्न केलं की घर गेलं. माझ्याच हातानं, माझ्याच सहीनं! नेडबरोबर बेकरीवाल्याला बोलावलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, मला मिरवायचं होतं.

कार्ड आलं त्याच दिवशी ठरवलं होतं की नवा फॉर्म आणायचा, दुसरा साक्षीदार घ्यायचा. काका म्हणाला, "परत लांबकान्या? बोट पाण्यात गेलीय आता." एक आठवडा थांब म्हणाला. गुरुवारी सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून सुटला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे आहेत, माणसं ओळखतात की नाही ते कळत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्याच्याकडून कशावर सही घेणं म्हणजे गुन्हा.

तुझ्या ऑफिसला फोन केला. पोरगी म्हणाली, "मिस थर्झा अजून दवाखान्यात आहेत, भेटायला बंदी आहे." किरकोळ ऑपरेशनला बंदी कशी? दुसऱ्या कुणाशी बोलता का, म्हणाली. मी फोन ठेवला. एका वकिलाला कळलं की सगळ्यांना कळतं.

टपालवाले चार पैसे जास्त मागतात तर त्यांना पेपरात रोज शिव्या. राजवाडा मागतो तर समिती बसवू म्हणतात. आणि मधल्या मधे तुझं एक कार्ड, ज्याचा खुलासा मागता येत नाही.

मोर्वेना काकाला चमच्यानं रस्सा भरवते. माझ्याकडं बघून हसते. मला ते हसू सहन होत नाही.

किट्टो

*

पोर्थगोलान
गुरुवार, १८ फेब्रुवारी

मावशी,

सॅम्प्सनकाका शनिवारी गेला. काल पुरलं. शवपेटी खांद्यावर घेऊन टेकडी चढलो, रीतीप्रमाणं गात. 

स्मशानात एक माणूस होता, राखाडी कोट, काळा टाय, टोपी हातात. कुणी ओळखेना. नेड कानाशी म्हणाला, "जहागिरीच्या ऑफिसातला. ट्रेगिअर बाईंच्या वेळी हाच होता."  इतका सभ्य माणूस मी पाहिला नाही, आणि इतकी भीती मला वादळातही वाटलेली नाही. ओरडला असता तर मी एक ठोसा तरी दिला असता.

नंतर तो घरी आला. मोर्वेनानं त्याला आत घेतलं, केशरी पाव दिला. मी अंगणात दोरखंड उगाच गुंडाळत उभा. दहा मिनिटांनी तो बाहेर आला, मला नमस्कार करून गेला.

"काय म्हणाला?"

"वाईट वाटलं म्हणाला. कागद बघू का म्हणाला, मी दाखवला. वहीत काहीतरी उतरवून घेतलं. मग विचारलं, हा किट्टो तुमचा नवरा का?"

मावशी, ते जाणून आहेत! आम्ही लग्न करायची वाट बघतायत.

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. दुसरं काय सांगणार?" मग ती माझ्याकडं बघत राहिली. हातात तो निळा स्वेटर होता, पुरा झालेला. "चौदा तारखेला काहीतरी बोलायचंय म्हणाला होतास. काकामुळं राहिलं असेल. आता बोल."

खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, घर गेलं खड्ड्यात. तिला मी ओळखतो. आणि मग चाळिशीत कधीतरी, कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत, ती त्या माळ्याची आठवण काढून गप्प बसली असती. ते माझ्यामुळं.

म्हणून मी म्हटलं, "बोलायचं काही नाही. मी न्यूलिनला बांगड्याच्या बोटीवर चाललोय. बरेच दिवस येणार नाही."

तिनं स्वेटर माझ्या तोंडावर फेकला. "घे. तुझ्या मापाचा आहे. दुसऱ्या कुणाला होणार नाही, नाहीतर दिला नसता."

पाठवता येत नाही म्हणून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली ही दुसरी चिठ्ठी. तू जिवंत आहेस ना, मावशी?

किट्टो

*

पोर्थगोलान
शनिवार, ६ मार्च

किट्टो,

मासळीच्या ट्रकवाल्याकडं देतेय. तो विचारेल काय आहे, त्याला सांग बिल आहे.

तुझा तेलकट कोट माळ्यावरच राहिला होता. काल तो तुझ्या आईकडं द्यायचा म्हणून खिसे रिकामे केले. सुरी, सुतळी, खारट झालेला पेपरमिंट, आणि तुझ्या मावशीचं कार्ड.

तीन वेळा वाचलं. मग मला इतका राग आला की मी जिन्यात बसून राहिले. मूर्खा! दोन आठवडे मी माझ्यात काय खोट आहे ते शोधत होते. आरशात बघत होते. तुझ्या आईला तोंड दाखवत नव्हते. आणि तू मला न विचारता माझ्यासाठी घर निवडलंस. सॅमनंही विचारलं नव्हतं, पण तो म्हातारा होता.

मला हे घर आवडतं. खोटं कशाला बोलू? चुलीजवळच्या फरशीत आईच्या खुर्चीचे दोन खड्डे पडलेत. पण त्या खड्ड्यांशी मी बोलू शकत नाही, किट्टो. ते उत्तर देत नाहीत. तूही फारसं देत नाहीस म्हणा.

तू आपणहून येणार नाहीस, तो कागद घड्याळामागं असेपर्यंत तरी नाही. म्हणून काल संध्याकाळी चहाचं पाणी ठेवलं तेव्हा तो चुलीत घातला. नीट जळला. आता मधे काही नाही. राजपुत्राला घर घेऊ दे, जिन्यात डोकं आपटू दे.

माझ्या सुया आणि जाळी चॅपेलच्या मागच्या खोलीत हलवायला नेड मदत करतोय. तू आलास तर कपाट तू उचल.

मोर्वेना

*

प्लिमथ
सोमवार, ८ मार्च

किट्टो,

संप मिटला, पहिल्याच पेटीत हे टाकतेय. मी घरी आले, उशांना टेकून लिहितेय. इतके दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय: ते कार्ड मी घाईत लिहिलं आणि तू घाईत वाचणारा. म्हणून सावकाश वाच.

तो नियम फक्त सहीच्या दिवसाचा आहे. पंधरा जानेवारीला तू तिचा नवरा नव्हतास. बस. त्यानंतर कधीही लग्न केलंस तरी तिचं घर तिचंच. मी विचारलं ते एवढ्याचसाठी, की तुझं डोकं पाहता तुम्ही आधीच पळून लग्न केलेलं असायचं.

तो कागद मात्र डोळ्यांत तेल घालून जपा. अस्सल कागद हवा, कोर्टात तोच चालतो.

तिला विचारलंस ना?

मावशी

*

पोर्थगोलान
गुरुवार, ११ मार्च

मावशी,

डब्यातली दोन्ही पत्रं आणि तिचंही पत्र सोबत आहे. तिची परवानगी घेतलीय. आधी ती वाच, मग हे.

वाचलीस?

तिचं पत्र मला रविवारी बोटीवरून उतरल्यावर मिळालं. चौदा मैल चालत आलो. तिनं दार उघडलं, स्वेटरकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाही लांब झालीय." कपाट मी उचललं. दोन दिवस आम्ही सुखात होतो, मावशी, खरंच, सगळं गमावलेल्या माणसांसारखं.

काल टपाल आलं. सात आठवड्यांचं एकदम, दोरीनं बांधून. शेवटचं सामान न्यायला घरी आलो होतो; तुझं पत्र मी तिथंच चुलीपाशी उभं राहून वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. मोर्वेना गुडघ्यांवर बसून राखेचा कप्पा ओढायला लागली. रिकामा. राख तिनं सोमवारीच कांद्याच्या वाफ्यात टाकली होती. आम्ही दोघं वाफ्यातही पाहून आलो. कुणी विचारू नये म्हणून खुरपं घेऊन गेलो.

त्याच गठ्ठ्यात तिच्या नावाचं एक जाड पाकीट होतं. जहागिरीच्या ऑफिसचं. पत्राची तारीख अठरा फेब्रुवारी, शिक्का आठ मार्चचा. ती उघडेना, मी उघडलं. उतरवतो:

"आपल्या घरी आमच्या प्रतिनिधीने कै. सॅम्प्सन नान्स यांचे मृत्युपत्र समक्ष पाहिले. ते दोन साक्षीदारांच्या सहीचे असून त्यांपैकी कोणीही आपला पती नाही, याची खात्री केली आहे. सबब या घरावर आमच्या कार्यालयाचा कोणताही दावा नाही. अस्सल मृत्युपत्र शक्य तितक्या लवकर कोर्टात दाखल करावे. आपल्या दुःखात सहभागी आहोत."

त्यानं नवऱ्याचं विचारलं ते यासाठी. तिच्या बाजूनं! मी मात्र त्याला दोरखंडानं बांधायच्या विचारात होतो.

आता सांग. ज्या कागदामुळं ते दावा सोडतायत तो कागद कांद्याला घातलाय. हे त्यांना कळलं तर? आणि कळवायला तर लागणारच. नक्कल तू पाहिलीस असं कार्डावर आहे, पण ठेवलीस का? तू नको ते कागद शेगडी पेटवायला वापरतेस, मी पाहिलंय. दारातल्या फटीतून काही पडलं की आम्ही दोघं दचकतो. काल ते चॅपेलच्या चहापानाचं पत्रक होतं. मोर्वेनानं ते दोन्ही बाजूंनी तपासलं.

किट्टो

*

प्लिमथ
शनिवार, १३ मार्च

पोरांनो,

नक्कल आहे. दवाखान्यात नेलेल्या भजनाच्या पुस्तकात खूण म्हणून घातली होती. एका कोपऱ्यावर औषध सांडलंय, पण नावं वाचता येतात. ती, नेडची शपथ आणि जहागिरीचं ते पत्र, एवढ्यावर कोर्ट कधीकधी हरवलेलं मृत्युपत्र मान्य करतं. कधीकधी म्हणतेय, नेहमी नाही. खुद्द जहागिरीचा माणूस तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. आमच्या साहेबांना मी सगळं सांगितलं, जाळल्याचंही. ते सोमवारीच जहागिरीला लिहितायत. लपवायचं काही नाही. भीती वाटू दे, पण दार लावून बसू नका.

त्या राखाडी कोटवाल्याला दिलेल्या शिव्या परत घे. राजवाड्याच्या पगारवाढीबद्दलच्या राहू दे, त्या मलाही पटतात.

आता दुसरं. ऑपरेशन किरकोळ नव्हतं. पोट उघडलं, पाहिलं आणि फार काही न करता शिवलं. म्हणून लग्न ईस्टरच्या आधी करा. त्यानंतर यायचं मी कबूल करत नाही. बाही लांब असली तरी तोच स्वेटर घाल.

तीस वर्षं मी दुसऱ्यांची मृत्युपत्रं टाइप केली, स्वतःचं कधी नाही. काल दोन तास ऑफिसात जाऊन आले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत केलं. इथली खोली भाड्याची आहे, फार काही नाही: घड्याळ, टाइपरायटर, पोस्टातली थोडी शिल्लक. किट्टो, कायद्यानं ते तुझ्या आईला मिळालं असतं आणि तिनं तुलाच दिलं असतं. पण मला मोर्वेनाचं नाव कागदावर हवं होतं. तिचं नाव आजवर एकाच कागदावर होतं, आणि तो तिनं तुझ्यासाठी जाळला.

सही सोमवारी, बावीस तारखेला, ऑफिसात. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे दोघं येतायत. तुम्ही या, चहा प्या, माझ्याजवळ बसा. पेनाला मात्र हात लावायचा नाही.

तुमची,
थर्झा मावशी